अप्पा बळवंत चौकातलं दुकान आणि माधुरी पुरंदरे

मुलगी आता पहिलीत आहे, तिच्यासाठी माधुरी पुरंदरेंची पुस्तकं हवी होती. आधी ऑनलाइन मागवली तर कोपरे दुमडलेली आली, म्हणून रविवारी सरळ पुण्यातल्या अप्पा बळवंत चौकात गेले. पार्किंग मिळत नाही, लक्ष्मी रोडला गाडी लावून चालत जा. दुकान अगदी छोटंसं, पण काकांनी मुलीला खाली स्टुलावर बसवलं आणि ‘राधाचं घर’चा सेट तिच्या मांडीवर ठेवला, घ्यायची घाई अजिबात नाही. ती चित्रातल्या आजीकडे बघून म्हणाली, ही आपल्या आजीसारखीच बसते! खरंच तसंच आहे, पुरंदरेबाईंची माणसं अगदी आपल्या घरातली वाटतात आणि चित्रंही त्यांचीच.

काकांशी गप्पा मारताना पुरंदरेबाईंचा सगळा प्रवासच निघाला. वडील शिवशाहीर बाबासाहेब पुरंदरे, ‘जाणता राजा’वाले, आई निर्मलाताई, ग्रामीण बालशिक्षणाचं काम करणाऱ्या वनस्थळी संस्थेच्या. स्वतः जे.जे.मध्ये चित्रकला शिकल्या, मग फ्रान्स, नाटकात काम केलं, गायल्या, फ्रेंचमधून अनुवाद केले, पिकासोवर लिहिलं आणि एवढं सगळं करून मुलांसाठी इतकं साधं लिहितात, मला तर हेच सगळ्यात अवघड वाटतं. २०१४ला साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कारही मिळाला.

‘वाचू आनंदे’चा एकच भाग शिल्लक होता, बाकीचे काकांनी चार दिवसांत आणून ठेवले आणि फोनही केला. मोठ्या मुलांसाठी ‘लिहावे नेटके’ नक्की बघा, व्याकरण असं शिकवलेलं मी तरी कुठे पाहिलं नाही. पाच स्टार.