मोल नाही तर मोल नाही

गेल्या सप्टेंबरमध्ये घरामागच्या हिरवळीतले मोल नावाचे बिळात राहणारे प्राणी पकडून देतो असे सांगून एका माणसाने माझ्याकडून २६० पौंड नेले. रक्कम फार मोठी नाही. पण ती ज्या रीतीने गेली ती रीत इंग्लंडमध्ये गावाकडे घर घेणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असावी असे वाटते, आणि अशा घर घेणाऱ्यांत आता आपली माणसेही आहेत, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

आमचे घर श्रॉपशायरमध्ये, लडलोपासून थोड्या अंतरावर आहे. मागे जेमतेम दोन गुंठ्यांची हिरवळ, तिला लागून गुरांचे कुरण आणि पलीकडे झाडी. मोल हा प्राणी महाराष्ट्रात आढळत नाही. अंगाने चिचुंद्रीएवढा, वजन शंभरेक ग्रॅम, केस काळ्या मखमलीसारखे आणि पुढचे पंजे म्हणजे दोन फावडीच. तो गवताला तोंड लावत नाही, गांडुळे खातो. मात्र त्यांच्यासाठी बोगदे काढताना निघालेली माती तो वर ढकलतो आणि हिरवळीचे शेत करून टाकतो. राजा तिसरा विल्यम १७०२ साली घोड्यावरून पडला व त्यातून उठला नाही. तो घोडा मोलच्या ढिगाऱ्याला अडखळला होता असे सांगतात, आणि राजाचे विरोधक पुढे ‘काळ्या मखमलीतल्या छोट्या सद्गृहस्थाच्या’ नावाने पेले उंचावत असत. त्या मानाने माझे नुकसान किरकोळच म्हणायचे.

एका सकाळी अकरा ढिगारे मोजल्यावर गावातल्या दुकानाच्या काचेवर लावलेल्या कार्डावरून मी एका मोलकॅचरला फोन केला. कार्डावर व्यवसायातील एका संघटनेचे बोधचिन्ह छापलेले होते आणि खाली ‘मोल सापडला नाही तर पैसे नाहीत’ अशी हमी होती. ही या धंद्यातील जुनी प्रथा आहे. मोजून पैसे मिळावेत म्हणून पकडलेले मोल कुंपणाच्या तारेला ओळीने टांगून ठेवण्याची पद्धतही त्यातलीच. त्या दिवसांत कुडाळहून बाबा आमच्याकडे आले होते. ‘मोल नाही तर मोल नाही’ असे भाषांतर मी त्यांना करून सांगितले, तेव्हा ते हसले आणि म्हणाले, “बघ हो, दोन्हींकडून द्यायला लागेल.”

तो माणूस आला, त्याने आठ सापळे लावले आणि जाताना सापळ्यांची अनामत म्हणून ८० पौंड रोख घेतले. सापळे उचलून नेताना परत देईन, असे तो म्हणाला. फोनवर अनामतीचा उल्लेखही नव्हता, हे मला तिथेच खटकायला हवे होते. त्याहून खटकायला हवे होते ते त्याचे काम. त्याने ढिगारे उकरले आणि त्यांच्यातच सापळे खुपसले. जाणकार मनुष्य ढिगाऱ्याला हातही लावत नाही. दोन ढिगाऱ्यांच्या मधल्या जागेत बारीक सळई टोचत तो बोगदा शोधतो, सळई एकदम पोकळीत उतरली की तिथे जमीन कापतो आणि बोगद्याच्या रेषेत सापळा बसवतो. हे मला नंतर कळले.

पुढच्या पाच दिवसांत तो तीन वेळा आला. दर वेळी तो एकटाच मागे जाई आणि थोड्या वेळाने मेलेला मोल हातात धरून दाराशी येई. एकदा तर त्याने दोन आणले. प्रत्येकी ४५ पौंडांप्रमाणे चार मोलचे १८० पौंड मी दिले. शेवटच्या खेपेस त्याने मोल पायरीच्या दगडावर ठेवला आणि तो पैसे मोजू लागला. ऊन चांगले होते. बाबांनी खाली वाकून मोलच्या पोटावर बोट दाबले आणि मराठीतच मला म्हणाले, “अरे, हा आज मेलेला नाही. बर्फातला मासा लागतो तसा लागतोय.” तोवर दगडावर मोलच्या आकाराचा ओलसर डाग पडला होता आणि केसांच्या टोकांना थेंब जमले होते. केसांवर मातीचा मात्र कणही नव्हता. मी काही विचारेपर्यंत गाडी सुरू झालेली होती. दुसऱ्या दिवशी हिरवळीवर तीन नवे ढिगारे होते आणि त्याचा फोन बंद होता.

मोल एकलकोंडा असतो आणि आपल्या बोगद्यांत दुसऱ्याला सहसा शिरू देत नाही. दोन गुंठ्यांत एक, फार तर दोन मोल निघावेत. पाच दिवसांत चार निघाले म्हणजे ते कुणाच्या तरी शीतपेटीतून निघाले.

पैशांपेक्षा मनाला लागले ते पुढचे. आठव्या दिवशी मुलीने येऊन सांगितले की एक सापळा हलतो आहे. तो कात्रीच्या आकाराचा, बोगद्यात जबडे आणि जमिनीवर दोन दांडे असलेला सापळा होता, आणि दांडे थरथरत होते. शेजारच्या वृद्ध शेतकऱ्याला हाक मारली. त्याने माती बाजूला केली तेव्हा मोल कमरेशी अडकलेला आणि जिवंत होता. त्याचे दोन्ही गुलाबी पंजे हवेतच उकरत होते. शेतकऱ्याने एका घावात त्याला वेदनेतून सोडवले आणि मग सापळा दोन्ही हातांत घेऊन नुसत्या अंगठ्यांनी उघडून दाखवला. चांगल्या सापळ्याची स्प्रिंग दाबताना हात भरून येतात, असे तो म्हणाला. या सापळ्याचा पत्रा पातळ होता, जबडे एकमेकांसमोर नीट येत नव्हते आणि स्प्रिंगमध्ये प्राण्याला धरण्यापुरताच जोर होता, झटक्यात मारण्यापुरता नव्हता. १९५४ च्या कीडनियंत्रण कायद्यानुसार स्प्रिंगच्या सापळ्यांना शासनाची मान्यता लागते. मात्र १९५८ च्या आदेशाने मोलच्या सापळ्यांना त्यातून सूट मिळाली, त्यामुळे कोणीही कसलाही सापळा बनवून विकू शकतो. प्राण्याला विनाकारण वेदना देणे मात्र २००६ च्या प्राणी कल्याण कायद्याखाली गुन्हा आहे, आणि ते सापळे माझ्या अंगणात होते, रोज तपासायला हवे होते, ही गोष्ट मी विसरू शकत नाही.

हा धंदा करायला परवानाही लागत नाही. पूर्वी शेतकरी गांडुळांना स्ट्रिक्नीन लावून मोल मारत. हे विष म्हणजे आपल्या कोकणातल्या काजऱ्याच्या बियांतले. बाबांना ते ऐकून फारच नवल वाटले. २००६ साली त्यावर बंदी आली, सापळ्यांची मागणी वाढली आणि जाणत्यांबरोबर नवशिकेही या कामात उतरले. गिल्ड ऑफ ब्रिटिश मोलकॅचर्स किंवा ब्रिटिश ट्रॅडिशनल मोलकॅचर्स रजिस्टर यांसारख्या संघटना आहेत, पण सदस्यत्व ऐच्छिक आहे, आणि कार्डावर चिन्ह छापायला छापखाना पुरतो. माझ्या कार्डावर ज्या संघटनेचे चिन्ह होते तिला मी फसल्यानंतर पत्र लिहिले. या नावाचा आमचा कोणी सदस्य कधीच नव्हता, असे उत्तर दोन दिवसांत आले. तेच पत्र फोन करण्याआधी लिहिले असते तर पुढचे काही घडले नसते. चिन्ह पाहून थांबू नये, सदस्यांच्या यादीत नाव आहे का हे संघटनेलाच विचारावे, विम्याचा कागद मागावा आणि सापळा हातात घेऊन पाहावा. नाव नसताना सदस्य म्हणवणे हा ग्राहक कायद्याचाही भंग आहे, म्हणून मी सिटिझन्स ॲडव्हाइस या सल्ला देणाऱ्या संस्थेच्या ग्राहक सेवेकडे तक्रार केली आणि त्यांनी ती ट्रेडिंग स्टँडर्ड्सकडे, म्हणजे ग्राहकांची फसवणूक तपासणाऱ्या सरकारी खात्याकडे पाठवली. रोख पैसे दिलेले आणि पावती नाही. वसुलीची आशा मी धरलेली नाही.

नंतर यादीत नाव तपासून दुसऱ्या मोलकॅचरला बोलावले. त्याने अर्धा तास सळई टोचण्यातच घालवला, स्वतःचे फक्त दोन सापळे लावले आणि दुसऱ्या सकाळी मला सोबत घेऊन, माझ्यासमोर सापळा वर काढला. एकच मोल, मातीने माखलेला. रिकाम्या झालेल्या बोगद्यांत झाडीतून दुसरा येऊ शकतो, हे त्याने आपणहून सांगितले आणि ६० पौंडांची पावती दिली. पहिल्याचे सात सापळे त्यानेच जमिनीतून काढून आठव्याशेजारी ठेवले, पण न्यायला नकार दिला. ते आठही शेडमध्ये एका बादलीत पडून आहेत, कारण ट्रेडिंग स्टँडर्ड्सने पुरावा म्हणून ठेवायला सांगितले आहे आणि तक्रार अजून बंद झालेली नाही.