ई-रीडरवर वर्षभर मराठी वाचल्यानंतर

गेल्या दिवाळीच्या सुमारास सहा इंची पडद्याचा ई-रीडर घेतला आणि वर्षभराचे शक्य तेवढे वाचन त्याच्यावरच करायचे ठरवले. कंपनीचे नाव मुद्दाम देत नाही, कारण पुढे जे सांगायचे आहे ते या प्रकारच्या कोणत्याही यंत्राला थोड्याफार फरकाने लागू पडेल. अशा यंत्रांची परीक्षणे बहुधा बॅटरी, वजन आणि पडद्याचा उजेड यांपाशी थांबतात. मराठी वाचकापुढचा खरा प्रश्न वेगळा असतो: आपला मजकूर कोणत्या रूपात साठवलेला आहे?

पडद्याबद्दल तक्रार करण्यासारखे फार थोडे आहे. ई-इंकच्या पडद्यात काळ्या-पांढऱ्या विद्युतभारित कणांची जागा बदलून अक्षर उमटते, आणि एकदा उमटलेले अक्षर टिकवायला वीज लागत नाही. ती मुख्यतः पान उलटताना आणि दिवा लावल्यावर खर्च होते. रोज तासभर वाचूनही चार्जर आठवडेच्या आठवडे लागत नाही. सोलापूरच्या लख्ख उन्हात मोबाइलचा पडदा काळा पडतो, तिथे हा उलट अधिक स्वच्छ दिसतो; हुतात्मा एक्स्प्रेसच्या खिडकीशी बसून कुर्डुवाडी, दौंड करत पुण्यापर्यंत सलग वाचता येते. मात्र याच्या माहितीपत्रकात वापरासाठी 0 ते 35 अंश सेल्सिअस तापमान सांगितलेले आहे, आणि आपल्याकडे एप्रिल-मेच्या दुपारी पारा 40 च्या वर असतो. वरच्या मजल्यावरच्या खोलीत त्या वेळी यंत्र बाहेर काढण्याचे धाडस मी केले नाही. उन्हाळ्यातले दुपारचे वाचन कागदावरच झाले.

आता मुख्य मुद्दा. मराठीत जुने आणि मोलाचे जे काही विनामूल्य उपलब्ध आहे, त्यातले पुष्कळसे पीडीएफ स्वरूपात आहे. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने आपली कित्येक प्रकाशने संकेतस्थळावर खुली ठेवली आहेत, ही आपल्याकडची फार मोठी सोय आहे आणि तिची म्हणावी तितकी चर्चा होत नाही. पण स्कॅन केलेली पीडीएफ म्हणजे पानाचे छायाचित्र. त्यातले अक्षर मोठे केले की ओळी नव्याने जुळत नाहीत, पानच पडद्याबाहेर जाते. डेमी आकाराचे पुस्तक साधारण साडेपाच इंच रुंद आणि साडेआठ इंच उंच असते, तर सहा इंची पडद्याची रुंदी जेमतेम साडेतीन इंचांच्या आसपास भरते. अख्खे पान बसवले की अक्षर मूळच्या निम्म्याहून थोडे मोठे उरते. रोमन लिपी एवढ्या आकारातही कशीबशी वाचता येते. देवनागरीत शिरोरेषेवरची मात्रा, अनुस्वार आणि रफार एकमेकांत मिसळतात, ‘द्ध’ आणि ‘द्व’ यांत फरक करता येत नाही आणि डोळा वाक्य सोडून अक्षरे सोडवत बसतो.

यावर उपाय सापडला तो असा. संगणकावर आधी पानाचे समास कापून घ्यायचे आणि यंत्र आडवे धरून अर्धे-अर्धे पान वाचायचे. आडव्या पडद्याची रुंदी पावणेपाच इंचांच्या घरात जाते, म्हणजे समास वगळलेली छापील ओळ मूळ आकारात बसते, किंबहुना जरा मोठीच दिसते. हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो’ मी याच पद्धतीने पूर्ण केली. ही कादंबरी मुळात 1890 मध्ये सुरू झालेल्या ‘करमणूक’ साप्ताहिकातून क्रमशः आलेली असल्यामुळे तुकड्यातुकड्यांनी वाचताना तिचे काही बिघडत नाही. यमूचे निवेदन रोज रात्री थोडे थोडे ऐकल्यासारखे पुढे सरकते. आपल्या कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षांनी पुस्तकावरचा स्वामित्वहक्क संपतो, आणि हरिभाऊ 1919 मध्ये गेले. त्यामुळे त्यांच्या किंवा 1936 मध्ये निधन झालेल्या लक्ष्मीबाई टिळकांच्या मूळ पुस्तकांची प्रत उतरवून घेताना मनात किंतु नसतो.

लक्ष्मीबाईंचे ‘स्मृतिचित्रे’ मला युनिकोडमध्ये, म्हणजे छायाचित्र नव्हे तर यंत्राला अक्षर म्हणून कळणाऱ्या मजकुराच्या रूपात मिळाले आणि तिथे यंत्राचे खरे रूप दिसले. अक्षर हवे तेवढे मोठे करता येते, म्हणून मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर छापील पुस्तक बाजूला ठेवलेल्या माझ्या सासूबाईंनी ते आधी वाचून संपवले आणि मला चार महिने ताटकळत ठेवले. एक किरकोळ दोष मात्र सगळ्यांना जाणवेल: देवनागरी शब्द ओळीच्या शेवटी तोडायची सोय माझ्या यंत्रात नाही, त्यामुळे दोन्ही कडा सरळ ठेवल्या की लांब सामासिक शब्दांच्या ओळीत मोठमोठ्या फटी पडतात. मजकूर फक्त डावीकडून सरळ ठेवला की हा त्रास जातो. काही अलीकडची पुस्तके जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टांत जुळवलेली असतात. त्यांतला मजकूर उचलून रूपांतर करायला गेले की पडद्यावर निरर्थक चिन्हांची रांग उमटते. पुस्तक संगणकावर जुळवलेले असूनही वाचकाच्या दृष्टीने ते स्कॅनच ठरते, याचा मनस्वी राग येतो.

जिथे यंत्राने हात टेकले ते पुस्तक म्हणजे 1884 चे सोलापूर जिल्ह्याचे इंग्रजी गॅझेटियर. एकरुख तलाव, 1876-77 चा दुष्काळ, गावोगावचे बाजार, पुढे ‘जुनी मिल’ म्हणून ओळखल्या गेलेल्या 1877 च्या कापड गिरणीच्या काळातले शहर, हे सारे त्यात शोधायचे होते. परंतु असे पुस्तक सरळ वाचायचे नसते. सूचीत जायचे, तक्त्यावर यायचे, पुन्हा मागे वळायचे. ई-इंकचा पडदा प्रत्येक उडीला क्षणभर रेंगाळतो आणि रुंद तक्ते सहा इंचांत मावत नाहीत. ते वाचन शेवटी लॅपटॉपवर गेले. शब्दकोशाचेही तसेच. मराठी शब्दावर बोट ठेवून अर्थ मिळत नाही, म्हणून मोल्सवर्थ शेजारी मोबाइलवर उघडा ठेवावा लागतो, आणि मोबाइल हाताशी आला की वाचनाचे काय होते हे सांगायला नको.

वर्षातले मला सर्वांत आवडलेले पुस्तक मात्र वाचनालयातून आणलेले, कागदाचे होते: मारुती चितमपल्ली यांचे ‘चकवाचांदण’. ते 1932 मध्ये सोलापुरात जन्मले, 2006 च्या सोलापूरच्याच साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले आणि 2025 च्या जूनमध्ये इथेच गेले. त्यानंतर त्यांची पुस्तके पुन्हा हाती घेणारे शहरात पुष्कळ असणार. ते वाचताना मागची-पुढची पाने सतत चाळली. एखाद्या पक्ष्याचा उल्लेख ‘डाव्या पानावर, खालच्या बाजूला’ होता एवढ्या आठवणीवर तो सापडायचा. यंत्रावर पुस्तक किती टक्के झाले ते कळते, पण ही जागेची आठवण तयारच होत नाही. कादंबरीत त्याचे काही अडत नाही. निरीक्षणांनी भरलेल्या पुस्तकात फार अडते.

म्हणून घ्यावा की नाही, याचे उत्तर तुमच्या यादीवर आहे. नव्या मराठी कादंबऱ्या आणि चरित्रे अधिकृत ई-पुस्तकांच्या रूपात विकत घेऊन वाचणार असाल, तर सहा इंची यंत्र पुरेसे आहे. भर मंडळाच्या आणि जुन्या स्कॅन पुस्तकांवर असेल, तर जास्त पैसे घालून दहा इंची घ्यावा. त्यावर डेमी पान जवळजवळ मूळ मापात बसते. दुकानात किंवा ओळखीच्या कोणाकडे यंत्र हातात मिळाले, तर त्यात आधीपासून असलेले इंग्रजी पुस्तक पाहून निर्णय करू नये. आपली एक स्कॅन केलेली मराठी पीडीएफ सोबत न्यावी, ती त्यात घालावी आणि पाच-दहा पाने तिथेच उभ्याने वाचून पाहावीत.