जुन्या गिब्सन एलजी-1 वर गोल्डन एज ट्यूनर : पावसाळाभराच्या वापरानंतरचे परीक्षण

जुन्या अकूस्टिक गिटारचे ट्यूनर, म्हणजे तारा ताणून सुरात आणणाऱ्या खुंट्या, बदलायचे ठरले की बहुतेक जण नवा संच किती हलका फिरतो एवढेच विचारतात. माझ्या मते त्याआधी एकच गोष्ट पाहावी : तो संच बसवण्यासाठी हेडस्टॉकच्या, म्हणजे मानेच्या टोकाला जिथे ट्यूनर बसतात त्या भागाच्या, लाकडात एक तरी नवे छिद्र पाडावे लागते का? पाडावे लागत असेल, तर तो संच कितीही नामांकित असला तरी जुन्या वाद्याच्या कामाचा नाही. अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या अथेन्स या गावची स्टुअर्ट-मॅकडोनल्ड ही कंपनी, जिला गिटार दुरुस्त करणारे सगळे 'स्ट्यूमॅक' म्हणूनच ओळखतात, 'गोल्डन एज रिस्टोरेशन' या नावाने जुन्या धाटणीचे ट्यूनर विकते. त्यांतला तीन-तीन ट्यूनर एकाच पट्टीवर असलेला, उघड्या दात्यांचा संच मी साठच्या दशकातल्या गिब्सन एलजी-1 वर बसवला आणि मुंबईचा एक संपूर्ण पावसाळा वापरला. त्या वापरावरून हे परीक्षण लिहीत आहे.

ही गिटार माझ्या मामांनी अमेरिकेतून परतताना आणलेली. एलजी-1 हे गिब्सनच्या मिशिगनमधल्या कॅलामाझू कारखान्यात तयार होणारे लहान अंगाचे आणि त्या काळी स्वस्त समजले जाणारे मॉडेल होते. वरची फळी स्प्रूसची, पाठ आणि कडा महोगनीच्या, आणि फळीखालच्या आधारपट्ट्या एकमेकींना समांतर, शिडीच्या पायऱ्यांसारख्या. तिच्यापेक्षा वरच्या एलजी-2 मध्ये याच पट्ट्या फुलीसारख्या एकमेकींना छेदत असत आणि आज बाजारात दोघींच्या किमतीत जो फरक दिसतो तो मुख्यतः याच कारणाने. तरीही एलजी-1 चा कोरडा, नेमका, लवकर विरणारा आवाज गाण्याच्या साथीला फार शोभतो आणि म्हणूनच हे वाद्य नीट सुरात राहावे यासाठी एवढा खटाटोप करावासा वाटला.

मूळ ट्यूनर क्लूसन बनावटीचे होते. क्लूसन ही शिकागोची कंपनी 1925 साली सुरू झाली आणि पुढची कित्येक दशके गिब्सनच्या नाना मॉडेलांवर तिचेच ट्यूनर बसत राहिले. ती मूळ कंपनी पुढे बंद पडली. 1994 मध्ये डब्ल्यूडी म्युझिक या कंपनीने ते नाव घेतले आणि आज 'क्लूसन' म्हणून जे नवे ट्यूनर मिळतात ते तिचेच असतात. त्यामुळे नाव तेच आहे म्हणून माप आणि घडणही अगदी तीच असेल, असे गृहीत धरू नये. कॅलिपर हाती घेऊन मोजावे.

ट्यूनर खरोखर झिजले आहेत का, याची तपासणी मात्र आधी करायला हवी, कारण तार सुरातून उतरण्याचा दोष अनेकदा ट्यूनरचा नसतोच. बटण फिरवताना तार काही क्षण जागची हलत नाही आणि मग 'टिक्' असा आवाज होऊन सूर एकदम वर उडी मारतो, तेव्हा तार नटच्या, म्हणजे हेडस्टॉकच्या पायथ्याशी तारा टेकतात त्या खाचांच्या पट्टीच्या, खाचेत अडकलेली असते. अशा वेळी खाच साफ करून तिच्यात पेन्सिलीचे शिसे घासले की काम भागते आणि नव्या संचाचे पैसे वाचतात. झिजलेल्या ट्यूनरची लक्षणे निराळी असतात. बटण उलट दिशेला फिरवल्यावर बराच वेळ ते नुसतेच पोकळ फिरते, तार जिच्याभोवती गुंडाळतात तो खांब बोटांनी धरून हलवला तर डगमगतो, आणि दात्यांच्या कडा तलवारीच्या धारेसारख्या पातळ झालेल्या असतात. माझ्या गिटारच्या सहापैकी तिन्ही जाड तारांच्या ट्यूनरांवर ही सगळी लक्षणे एकत्र दिसत होती. शिवाय दोन बटणांचे प्लास्टिक आकसून त्याला आरपार चिरा गेल्या होत्या आणि नुसत्या नखाने त्याचा भुगा पडत होता. केवळ बटणेच गेली असतील तर संपूर्ण संच बदलू नये. जुन्या घडणीची नवी बटणे सुटी मिळतात, सोल्डरिंग आयर्नने दांडी तापवली की ती तिच्यावर सरकवून बसवता येतात. माझ्याकडे धातूच संपला होता, म्हणून संच बदलणे भाग पडले.

शहरातल्या एका दुरुस्ती करणाऱ्याने गिटार पाहताक्षणी ग्रोव्हरचे बंदिस्त रोटोमॅटिक बसवण्याचा सल्ला दिला. रोटोमॅटिक हे उत्तम ट्यूनर आहेत यात शंका नाही, पण त्यांना 10 मिलिमीटरचे छिद्र लागते आणि जुन्या क्लूसनची छिद्रे त्याहून लहान असतात. म्हणजे सहाही छिद्रे रुंद करायची, जुन्या पट्ट्यांच्या स्क्रूंची भोके उघडी टाकायची आणि शेजारी नव्या स्क्रूंसाठी आणखी भोके पाडायची. साठ-सत्तरच्या दशकांत असंख्य चांगल्या गिटारांवर हेच झाले आणि आज त्यांचे मालक रुंद केलेल्या छिद्रांत बसणारी खास बुशिंगे (खांबाभोवती छिद्रात बसणारी धातूची कडी) शोधत फिरतात, तरीही वाद्याची गेलेली किंमत परत येत नाही. त्यातून ओतीव धातूचे सहा ट्यूनर वजनाने चांगलेच भारी असतात आणि एलजी-1 सारख्या हलक्या गिटारची मान बसून वाजवताना खाली झुकू लागते. मी तो सल्ला मानला नाही.

गोल्डन एज संचाचा पहिला मोठा गुण म्हणजे त्याची मापे. पट्टीवरील दोन खांबांमधले अंतर माझ्या गिटारवर 35.7 मिलिमीटर आहे आणि नव्या संचातही ते तंतोतंत तेवढेच भरले. हा आकडा क्षुल्लक वाटेल, पण ऑनलाइन बाजारात बिननावाचे जे स्वस्त संच मिळतात त्यांपैकी पुष्कळांत हे अंतर क्लासिकल गिटारसारखे 35 मिलिमीटर असते. मधला खांब छिद्राच्या मध्यावर धरला तर दोन्ही बाजूंचे खांब 0.7 मिलिमीटर आत सरकतात, बुशिंगच्या कडेला घासतात आणि नवाकोरा ट्यूनरही पहिल्या दिवसापासून जड फिरतो. मग दोष ट्यूनरच्या माथी मारला जातो.

बसवण्याचे काम एका संध्याकाळचे, पण घाई करण्याचे नव्हे. सगळ्या तारा आळीपाळीने थोड्या थोड्या सैल करून काढाव्यात. जुने स्क्रू मऊ लोखंडाचे असतात आणि गंजले की त्यांची डोकी तुटतात. म्हणून पेचकस स्क्रूच्या खाचेत पूर्ण बसणाराच हवा आणि स्क्रू सोडवण्यापूर्वी तो किंचित आवळण्याच्या दिशेने हलवून पाहावा, म्हणजे गंजाची पकड सुटते. पुढच्या बाजूची बुशिंगे मी काढलीच नाहीत. गिब्सनचे पॉलिश नायट्रोसेल्युलोज लॅकरचे असते, ते बुशिंगच्या कडेला चिकटलेले असते आणि बुशिंग उपसताना त्याचे कपचे निघतात. नव्या संचासोबत नवी बुशिंगे येतात, पण जुनी घट्ट असतील आणि नवे खांब त्यांत अडखळल्याशिवाय फिरत असतील, तर त्यांना हात लावू नये. माझे सहाही खांब जुन्या बुशिंगांत सहज उतरले. स्क्रूची दोन भोके मात्र सैल झाली होती. बांबूच्या दातकोरणीचा तुकडा लाकूडकामाच्या गोंदात बुडवून तिथे बसवला, रात्रभर वाळू दिला आणि मग स्क्रूला मेणबत्तीचे मेण लावून तो हातानेच फिरवला. यंत्राने स्क्रू आवळणे इथे पूर्ण वर्ज्य समजावे.

आता प्रत्यक्ष वापराविषयी. या संचाचे गुणोत्तर 15:1 आहे, म्हणजे बटणाचे पंधरा फेरे झाले की खांबाचा एक फेरा होतो. जुन्या धाटणीच्या ट्यूनरांत ते साधारण 12:1 असे. पाव इंच जाडीच्या खांबाचा परीघ सुमारे 20 मिलिमीटर धरला, तर जुन्या ट्यूनरच्या एका फेऱ्यात तार 1.7 मिलिमीटरच्या आसपास ओढली जाई, नव्यात ती 1.3 मिलिमीटर ओढली जाते. कागदावर लहान दिसणारा हा फरक पातळ तारांवर, विशेषतः दुसऱ्या तारेवर, लगेच जाणवतो : सूर इच्छित जागेच्या पुढे निघून जाणे आणि पुन्हा मागे येणे हा रोजचा खेळ जवळजवळ संपला. सूर नेहमी खालून वर आणावा, वरून खाली उतरवून थांबू नये, हा नियम मात्र उघड्या दात्यांच्या ट्यूनरवर आजही पाळायला हवा, कारण मळसूत्र आणि दातेरी चाक यांच्यातली फट तारेच्या ताणानेच मिटते. पहिल्या आठवड्यांत चाकाच्या मधोमध असलेला स्क्रू थोडा सैल होतो; तो तपासून पाव फेरा आवळला की पुन्हा तक्रार उरत नाही.

आवाजात फरक पडला का, असे मला अनेकांनी विचारले. जुन्या पट्ट्या आणि नव्या पट्ट्या यांचे वजन हातात जवळपास सारखेच लागते, त्यामुळे फरक पडण्याचे कारणही नव्हते, आणि मला तो ऐकूही आला नाही. जुन्या वाद्याच्या बाबतीत ही फार मोठी जमेची बाजू आहे.

समुद्राजवळ राहणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. उघडे दाते म्हणजे धूळ, घाम आणि खारी हवा यांना मोकळे दार, मग ट्यूनर कोणत्याही कंपनीचा असो. जूनमध्ये आरशासारखे चमकणारे निकेल सप्टेंबरपर्यंत मंद, दुधाळ झाले. मला ते जुन्या हेडस्टॉकवर उलट अधिक शोभून दिसते आणि मी ते पॉलिश करणार नाही, पण गंज वेगळा आणि हे मळकटणे वेगळे. गंज टाळण्यासाठी महिन्यातून एकदा जुन्या टूथब्रशने दाते झाडून त्यांवर काडीच्या टोकावर मावेल एवढी पेट्रोलियम जेली लावतो. पातळ तेलाचा फवारा मारू नये. ते लाकडात मुरते आणि लॅकरच्या कडा फुगवते.

खर्चाचा विचार करता, परदेशातून पाठवणीचा खर्च आणि सीमाशुल्क धरले की हा संच इथल्या साध्या संचांच्या कित्येक पट महाग पडतो. नव्या किंवा कारखानी गिटारसाठी एवढा खर्च करण्याचे कारण नाही. तिथे बंदिस्त ट्यूनर अधिक टिकाऊ आणि सोयीचे ठरतील. मात्र साठ-सत्तर वर्षांपूर्वीची पट्टीवाली गिटार हाती असेल आणि तिच्या हेडस्टॉकला अजून कोणी ड्रिल लावलेले नसेल, तर मी हाच संच निःसंकोचपणे सुचवेन. आणि काढलेले ट्यूनर, तुटक्या बटणांसह आणि गंजक्या स्क्रूंसह, एका पिशवीत घालून गिटारच्या पेटीतच ठेवावेत, कारण ते दुरुस्त होण्याजोगे असोत वा नसोत, वाद्याची मूळ घडण सिद्ध करायला पुढच्या मालकाला त्यांचीच गरज पडेल.