पोरस स्टीलचा इन्सर्ट: काही महिने वापरल्यावर

आमच्या भोसरीच्या टूलरूममधल्या एका मोल्डमधून (वितळलेलं प्लास्टिक दाबाने भरायच्या साच्यातून) ग्लास फायबर भरलेल्या नायलॉनचं हाउसिंग निघतं. त्यातल्या एका खोल रिबच्या (आधाराच्या पातळ पट्टीच्या) टोकाशी हवा कोंडायची. पार्टिंग लाइनवर, म्हणजे साच्याचे दोन भाग जुळतात तिथं, कितीही व्हेंट (हवेच्या फटी) काढा, तिथली हवा बाहेर पडायला वाटच नव्हती. दाबाखाली ती तापते आणि प्लास्टिक जाळते. प्लास्टिक भरायचा स्पीड कमी केला की काळा डाग जायचा, पण शॉर्ट यायचा, म्हणजे पार्ट अर्धवट भरायचा. म्हणून त्या जागी पोर्सेरॅक्स टू या सिंटर्ड (पावडर तापवून सांधलेल्या) सच्छिद्र स्टीलचा इन्सर्ट, म्हणजे साच्यात बसणारा सुटा तुकडा, बसवला. त्याच्या आकारमानात २० ते ३० टक्के पोकळी असते आणि छिद्रं एकमेकांना जोडलेली असतात. आम्ही सरासरी ७ मायक्रॉनच्या छिद्रांची ग्रेड घेतली. डाग गेला, स्पीडही पुन्हा वाढवता आला.

पण हा माल विकत घेऊन भागत नाही, खरं काम फिनिशिंगचं आहे. मिलिंग किंवा ग्राइंडिंग केलं की वरचा धातू लोळून छिद्रांवर बसतो आणि तोंडं बुजतात. वरून पृष्ठभाग सुरेख दिसतो, हवा मात्र जात नाही. त्यामुळे कॅव्हिटीकडची (प्लास्टिकला भिडणारी) बाजू शेवटी स्पार्कवरच (विजेच्या ठिणग्यांनी धातू कापणाऱ्या ईडीएम मशीनवर) उतरवायची, आणि रफिंग (आधीचं ढोबळ मशीनिंग) करताना त्यासाठी पुरेसा माल राखायचा. स्पार्क धातूला लोळवत नाही, कणाकणाने उडवतो, म्हणून छिद्रं उघडी राहतात. नंतर पॉलिश पेपर लावायचा नाही. आमच्या पॉलिशवाल्या काकांना हे पटवायला वेळ लागला, कारण त्यांचा हात आयुष्यभर चकाकीकडेच गेलेला. बाजूच्या बसणाऱ्या भिंती मात्र बिनधास्त ग्राइंड करा; तिथं छिद्रं बुजलेलीच बरी, हवा सरळ इन्सर्टमागच्या हवेच्या चॅनेलकडे जाते.

स्पार्क मशीनमधलं तेल छिद्रांत मुरतं, ते काढणं सगळ्यात चिवट काम. मागून हवा मारायची, सॉल्व्हंटने धुवायचं, उघड्यावर पूर्ण सुकू द्यायचं आणि मगच ओव्हनमध्ये घालायचं. ओला तुकडा ओव्हनमध्ये गेला तर आग लागू शकते. तापल्यावर कडांना तेल पाझरतं. दर फेरीनंतर वजन करायचं, ते उतरायचं थांबलं की झालं. शेवटी कॅव्हिटीकडच्या बाजूवर थोडं सॉल्व्हंट लावून मागून हवा सोडायची. सगळीकडून बारीक फेस एकसारखा उठला पाहिजे. जिथं फेस नाही, तिथं छिद्रांचं तोंड बंद आहे आणि पुन्हा स्पार्क घ्यावा लागतो.

मर्यादाही आहेत. त्यातून थेट पाण्याचं होल मारता येत नाही, पाणी झिरपतं. कूलिंग शेजारच्या स्टीलमधून द्यावं लागतं. उष्णताही भरीव स्टीलपेक्षा हळू जाते, म्हणून इन्सर्ट गरजेपुरताच ठेवा. पार्टवर त्या जागी मॅट ठसा येतो. ग्लॉसी दर्शनी भागाला हा मार्ग मी सुचवणार नाही.

वापरात नायलॉनच्या गॅसचा चिकट थर हळूहळू छिद्रांत साचतो. आम्ही दर लॉटनंतर मागून हवा मारतो आणि मोल्ड मेंटेनन्सला उतरला की इन्सर्ट काढून धुतो. त्यासाठी तो मागून स्क्रूने सहज निघेल असाच डिझाइन करून घ्या आणि मागचं चॅनेल बाहेरपर्यंत खुलं ठेवा.