‘उतार सुरक्षित’ या दोन शब्दांचे मी ४२,५०० रुपये मोजले

पैसे गेल्यापेक्षा मला लाज याची वाटते, की फसवणूक डोळ्यांसमोर चालू असताना मी मान डोलावत होतो. हिमस्खलनाचा धोका ओळखण्याचे प्रशिक्षण आणि नंतर मार्गदर्शकासह निर्जन उतारांवर स्कीइंग, असा तीन दिवसांचा बेत होता. आगाऊ १५,००० आणि पोहोचल्यावर २७,५०० रुपये मी भरले. मार्गदर्शकाच्या प्रमाणपत्राचा फोटो पाहून भुललो; ते देणाऱ्या संस्थेला थेट विचारले असते, तर त्या नावाचा कोणीही तिथे शिकलेला नाही हे परतल्यावर नव्हे, आधीच कळले असते.

बर्फाचे थर तपासण्याचा खड्डा त्याने वाटेलगतच्या सपाट जागी खणला, तोही जेमतेम ७० सेंटिमीटर. बर्फ दीड मीटरहून खोल होता आणि जायचे होते ३५ अंशांच्या, वाऱ्याने बर्फ आणून लादलेल्या उतारावर. हंगामाच्या सुरुवातीला बर्फ पातळ आणि हवा कडाक्याची थंड असली, की जमिनीलगतचे कण साखरेसारखे सुटे होतात आणि तो थर पुढे कित्येक आठवडे तसाच गाडलेला राहतो. त्या थरापर्यंत त्याचे फावडे पोहोचलेच नाही. थर किती पक्के आहेत हे पाहायला खड्ड्याच्या भिंतीत कापलेल्या, ३० सेंटिमीटर रुंदीच्या बर्फाच्या स्तंभावर मनगटातून १० थापा झाल्या आणि कोपरातून मारलेल्या तिसऱ्या थापेला वरचा भाग ड्रॉवरसारखा सरकून बाहेर आला. ‘मध्यम, चालेल,’ असे म्हणून त्याने वहीत ‘उतार सुरक्षित’ लिहिले. थापा किती लागल्या यापेक्षा तुकडा असा झटक्यात, सपाट निसटला हेच भयंकर होते. एका खड्ड्यातून धोका दिसू शकतो, सुरक्षितता सिद्ध होत नाही.

तरीही हे सारे मी माफ केले असते. पण पुढे चालताना पायाखाली ‘धप्प’ असा खोल आवाज झाला आणि बर्फावर लांब चीर गेली. आतला कमकुवत थर कोसळल्याची याहून स्पष्ट खूण नसते. तो हसून म्हणाला, ‘बर्फ बसतोय, म्हणजे घट्ट होतोय.’ मी हे वाचलेले होते! पण सोबतचे चौघे गप्प होते आणि पैसे भरून आलेल्या माणसाला मागे फिरणे जड जाते. शेवटी समोरचा, तसाच उतार आपोआप सुटून खाली आला, तेव्हा आम्ही परतलो. बर्फाखाली गाडलेल्या माणसाचा ठाव सांगणारी रेडिओ यंत्रे, म्हणजे ट्रान्सीव्हर, चालू आहेत का, हे त्याने सकाळी तपासलेही नव्हते. गाडलेला माणूस पहिल्या १०-१५ मिनिटांत काढला नाही, तर जगण्याची आशा झपाट्याने मावळते.

पोलीस ठाण्यात विचारण्यात आले, ‘तुमच्या अंगावर बर्फ कोसळला का? नाही ना, मग नुकसान कसले?’ म्हणजे तक्रार नोंदवून घ्यायला मी आधी गाडलो जायला हवे होते. बँकेने सांगितले, पैसे तुम्ही स्वखुशीने पाठवले आहेत. पर्यटन कार्यालयाने मार्गदर्शकांचे परवाने हा आपला विषय नसल्याचे कळवून मला बचाव पथकाकडे धाडले; तिथल्या भल्या अधिकाऱ्याने सांगितले, की त्यांचे काम दुर्घटनेनंतर सुरू होते. चार अर्ज, सहा फेऱ्या, आणि एकाही कागदावर पोचेचा शिक्का नाही.

त्या दिवसाचा हिमस्खलन-इशारा जो तुमच्यासमोर उघडून वाचत नाही, त्याच्यामागे जाऊ नका. त्याच्या जाहिरातीत आजही त्या ७० सेंटिमीटरच्या खड्ड्यात उभा राहून हसणारा मी आहे. तो फोटो काढून टाकण्याच्या माझ्या विनंतीला उत्तर आलेले नाही.