दोघांचा शनिवार-रविवार: पुणे की आपलं फोर्ट?

रिसॉर्ट नको, डोंगर नको, जुनं विद्यापीठाचं शहर निवांत पायी बघायचंय, असं डोंबिवली-बोरिवलीच्या जोडप्याने ठरवलं की पुढचा शब्द असतो पुणे. आम्हीही आधी पुण्यालाच गेलो. पुढच्या वर्षी दक्षिण मुंबईतल्या फोर्टमध्ये खोली घेऊन दोन रात्री राहिलो, तेव्हा घरचे म्हणाले, मुंबईतल्या मुंबईत कसली सहल? आता कोणी विचारलं तर मी आधी फोर्ट सांगते.

मुंबई विद्यापीठ १८५७ चं. त्याची जुनी इमारत, उच्च न्यायालय, डेव्हिड ससून ग्रंथालय, काळा घोडा, वस्तुसंग्रहालय, एशियाटिक ग्रंथालयाच्या पायऱ्या, सगळं एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर. राजाबाई टॉवर १८७८ साली पूर्ण झाला. कापसाचे व्यापारी प्रेमचंद रायचंद यांनी पैसे दिले आणि आईचं नाव दिलं. दगड आपल्या कुर्ल्याचा. विद्यापीठाच्या आवारात वाटेल तेव्हा शिरता येत नाही, म्हणून टॉवर ओव्हल मैदानावरून बघायचा, आणि तोही संध्याकाळी पाचनंतर, कारण त्याचं तोंड पश्चिमेला आहे आणि उतरतं ऊन थेट अंगावर येतं. मैदानाच्या पलीकडची १९३० च्या दशकातली आर्ट डेको घरं मात्र सकाळी बघायची, ती पूर्वेला तोंड करून आहेत. टॉवरच्या बाजूच्या जुन्या इमारती आणि ही घरं, या दोन रांगांना मिळून २०१८ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. चर्चगेटहून ऑफिसला धावताना आपण त्यांच्यामधूनच जातो, पण मुक्काम केल्याशिवाय दोन्ही वेळचं ऊन सापडत नाही. आम्ही सकाळी साडेसहाला ओव्हलच्या कठड्याशी उभे होतो. क्रिकेटचे डाव लागायचे होते, आणि ही खिडकी बघ, तो जिना बघ करत आम्ही तासभर काढला.

पुण्यात विद्येच्या खुणा अशा हाताशी नाहीत, गावभर पसरल्या आहेत. विश्रामबागवाड्यात १८२१ साली संस्कृत पाठशाळा सुरू झाली, फर्ग्युसन कॉलेज १८८५ चं, भांडारकर संस्था १९१७ ची. विद्यापीठ त्यामानाने अलीकडचं, १९४९ चं, पण त्याची मुख्य इमारत म्हणजे इंग्रज गव्हर्नरांचं गणेशखिंडीतलं पूर्वीचं निवासस्थान. २२ जून १८९७ च्या रात्री तिथल्याच समारंभातून परतणाऱ्या रँड या प्लेग अधिकाऱ्यावर चापेकर बंधूंनी गोळी झाडली. त्या रस्त्याने जाताना आम्ही दोघंही गप्प झालो होतो. फोर्टच्या इमारती देखण्या आहेत, पण मनाला असा धक्का मला तिथे बसला नाही. केळकर संग्रहालयातले दिवे, अडकित्ते, मस्तानी महाल यांनाही तोड नाही. त्यासाठी अर्धा दिवस राखून ठेवा. मात्र या सगळ्यात रिक्षा सतत लागते आणि दोन दिवसांतले चार तास तरी रस्त्यात जातात.

प्रवासाचं गणित साधं आहे. पुण्याला शनिवारी सकाळी गाडीने निघू नका. आम्ही घाटात अडकलो आणि सकाळचं संग्रहालय हुकलं. शुक्रवारी संध्याकाळी ५.१० ची डेक्कन क्वीन धरली तर रात्रीचं जेवण पुण्यात होतं, पण आरक्षण आधी करायला हवं. फोर्टला जाताना लोकलचा रविवारचा मेगाब्लॉक बघून ठेवा. खोलीला फोर्टमध्ये जास्त मोजावे लागतात, प्रवासाचे पैसे वाचतात.

खाण्यात पुणे पुढे आहे. मिसळ झाली, दुपारची थाळी झाली, वाट बघण्याचं काम नाही. फोर्टमध्ये रविवारी ऑफिसं बंद म्हणून खानावळीही बऱ्याच बंद असतात. इराण्याकडचा बनमस्का आणि मालवणी जेवण शनिवारीच उरकून घ्या.

घरी सासू-सासरे किंवा लहान मूल असेल आणि बोलावणं आलं तर तासा-दीडतासात परतायचं असेल, तर फोर्टच. पेशवाई, वाडे, जुन्या पेठा बघायच्या असतील आणि मुंबईचा आवाज दोन दिवस कानावर नकोच असेल, तर पुणे. दोन्ही जमणार असेल तर फोर्ट डिसेंबर-जानेवारीत ठेवा, ओव्हलवर उन्हात उभं राहवतं. पुण्याला पावसाळा सरता सरता जा.