पाइप: ९ मिमीचा फिल्टर की पीटरसनची ‘सिस्टिम’?

तंबाखू ओढायच्या पाइपमध्ये ओल साचून तो गुरगुरू लागला की मजा गेली. जर्मनीत रुळलेला ९ मिमीचा फिल्टर म्हणजे सक्रिय कोळशाचे दाणे भरलेली नळी. ती ओल शोषते, धूर सौम्य करते. पण चवही थोडी खाते आणि सारखी बदलावी लागते. धुराचा अपाय टळतो असं मात्र मुळीच समजू नये.

डब्लिनच्या चार्ल्स पीटरसनने १८९० साली पेटंट घेतलेल्या ‘सिस्टिम’ या रचनेत शोषायला काहीच नाही. धुराच्या वाटेखाली कोरलेल्या खळग्यात पाणी उतरतं. शिवाय ‘पी-लिप’ नावाच्या, तोंडात धरायच्या दांडीचं भोक वरच्या अंगाला, त्यामुळे धूर जिभेवर न आदळता टाळूकडे वळतो. जीभ पोळलेल्यालाच याचं मोल कळेल! माझी पसंती ‘सिस्टिम’लाच. फक्त खळगा दरवेळी पुसायचा, नाहीतर आंबूस वास धरतो.